सासूबाईंना ओसरीवर मुलं दिसतात

पत्र, थोडक्यात: "सासूबाई ७८ वर्षांच्या. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्यानं समोर माणूस आल्याचं कळतं पण चेहरा ओळखू येत नाही. कान तल्लख, हिशेबाला चोख. गेल्या महिन्यात ओसरीवरून येताना मध्येच थांबल्या आणि अंग चोरून बाजूला झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, 'पोरांना वाट दिली.' ओसरीवर कुणी नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं, वर्षभर हे चाललंय. वीतभर उंचीची, लाल टोपड्यातली मुलं दिसतात. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायकांची पाठमोरी रांग दिसते. भिंतीवर पोथीसारख्या ओळी दिसतात, पण वाचायला गेलं की अक्षर लागत नाही. यातलं एकही माणूस ओळखीचं नाही आणि कुणी बोलत नाही. दिवेलागणीला जास्त होतं. आत्यासासूबाई म्हणतात, पितरांचं काही राहिलंय, देवऋष्याकडे न्या. यजमान म्हणतात, मनाच्या डॉक्टरकडे नेलं तर गावभर होईल, यंदा मुलीचं लग्न जमवायचंय; गोळ्या आणून चहातून देऊ. पुण्याचे भावजी म्हणतात, हा स्मृतिभ्रंश आहे, शेतीच्या कागदांवर लवकर सह्या घ्या. मला तर त्यांना काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. 'तिथं काही नाही' म्हटलं की त्या गप्प होतात. 'हो, आहेत' म्हटलं तर मलाच खोटं बोलल्यासारखं वाटतं. त्यांचं डोकं फिरतंय का? आणि हे घराण्यात उतरतं का?" — एक सून, सांगली जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांची मतं आहेत. आत्याबाईंचं आहे, यजमानांचं आहे, भावजींचं आहे, तुमची काळजी तर ओळीओळीत आहे. ज्यांना दिसतंय त्यांचं मत तेवढं कुठे नाही. "आई, ती मुलं खरी आहेत असं तुम्हाला वाटतं का?" हा प्रश्न अजून कुणी त्यांना विचारलेला दिसत नाही. निदान मात्र सगळ्यात जास्त त्याच्या उत्तरावर टेकलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, वाट दिली म्हणजे खरी वाटली असणारच. तसं असेलच असं नाही. समोर काही आलं की पाय आधी थांबतो, विचार मागून येतो. आपल्याला दिसतंय ते खरं नाही हे पक्कं ठाऊक असलेली माणसंही अंग चोरतात, जिना उतरताना थबकतात, खुर्चीत 'कुणी' बसलेलं दिसलं तर दुसरी खुर्ची घेतात. त्यामुळे त्या एका प्रसंगावरून निकाल लावू नका. विचारा. माझा अंदाज आहे की त्या म्हणतील, "खरी नाहीत हे कळतंय गं, पण दिसतात." वर्षभर त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, यावरूनही तेच वाटतं. ज्याला भास खरा वाटतो तो सहसा लपवत नाही. तो मुलांना हाकलतो, पाहुण्यांना चहा टाकायला सांगतो, घरच्यांवर चिडतो. लपवतं ते माणूस, ज्याला आपल्याला लोक काय म्हणतील हे नीट समजतं.

पत्रावरून निदान होत नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण तुम्ही लिहिलेल्या खुणा ज्या आजाराकडे बोट दाखवतात त्याचं नाव शार्ल बॉने सिंड्रोम. मनाचा आजार म्हणून त्याची गणना होत नाही. नजर बरीच कमी झालेल्या, पण बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला नसलेली दृश्यं दिसणं, असं त्याचं साधं वर्णन.

शार्ल बॉने हे अठराव्या शतकातले जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक. त्यांचे आजोबा शार्ल लुलँ हे निवृत्त न्यायाधीश होते. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही त्यांची नजर पुन्हा मंदावली होती. नव्वदीला टेकलेल्या या गृहस्थांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसू लागल्या. एकदा नाती भेटायला आल्या असताना त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर हे सुंदर झगे घातलेले तरुण कोण आहेत? कुणीच नाही, असं नातींनी शपथेवर सांगितलं. त्यानंतर आपले डोळे आपल्याला काय काय दाखवतात हे म्हातारबुवांनी ओळखलं, आणि ते चक्क मजेनं बघत बसत. बॉनेंनी १७६० साली हे लिहून ठेवलं. आजोबांची बुद्धी पूर्ण ठिकाणावर आहे हे त्यांनी आवर्जून नोंदवलं, आणि माझ्या मते या जुन्या नोंदीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. पुढे १९३६ मध्ये जिनिव्हाचेच मेंदूतज्ज्ञ जॉर्ज द मोर्सिए यांनी या प्रकाराला बॉनेंचं नाव दिलं.

आता हे होतं कसं? आपण डोळ्यांनी पाहतो असं म्हणतो, पण चित्र तयार होतं ते मेंदूच्या मागच्या भागात. काचबिंदूत डोळ्याची नस वाळत जाते आणि मेंदूकडे जाणारा मजकूर तुटत जातो. मेंदूतला पाहण्याचा भाग मात्र जिवंत असतो. बाहेरून काही येईना झालं की तो आपणहून चेतू लागतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते, त्याच जातीचा हा प्रकार. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांचे मेंदू, भास चालू असतानाच, एमआरआयवर पाहिले. रंग दिसत होते तेव्हा मेंदूतला रंगांचा भाग पेटलेला होता, चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्यांचा. म्हणजे सासूबाई कल्पना करत नाहीत, बहाणा तर मुळीच करत नाहीत. त्या अक्षरशः पाहतात.

शिवाय यासाठी म्हातारं किंवा आजारी असावंच लागतं असं नाही. २००४ मध्ये बोस्टनला धडधाकट डोळ्यांच्या १३ जणांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधून ठेवली. त्यातल्या १० जणांना काही ना काही दिसू लागलं. पट्टी सोडल्यावर सगळे ठीक. यजमानांना आणि भावजींना हा प्रयोग जरूर सांगा. 'डोकं फिरलं' म्हणण्यापूर्वी माणूस थोडा थबकतो.

सासूबाईंच्या दृश्यांकडे आता नीट पाहू, कारण त्या ज्या गोष्टी विचित्र म्हणून सांगतात त्याच निदानाला सोयीच्या आहेत. माणसं लहान आकाराची दिसणं या आजारात नेहमीचं. नटूनथटून, जुन्या काळचे किंवा उंची कपडे घातलेली दिसणंही तसंच. तिकडच्या रुग्णांना मोठाल्या टोप्या दिसतात, आपल्याकडे लुगडी दिसणार. रांगा, जाळ्या, विटांसारखी नक्षी, एकच आकृती पुन्हा पुन्हा, हेही येतं. भिंतीवरच्या ओळींनी तुम्ही सगळ्यात घाबरलात हे पत्रातून जाणवतं. पण अक्षरांचा भासही नोंदलेला आहे, आणि ही अक्षरं सहसा वाचता येत नाहीत. दुरून लिपी वाटते, जवळ जावं तर शब्द जुळत नाहीत. मेंदूतला अक्षरांचा आकार ओळखणारा भाग जागा झालाय, पण मजकूर पुरवायला कुणी नाही, असा त्याचा अर्थ लावतात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे शांतता. या दृश्यांना आवाज नसतो, वास नसतो, ती अंगाला शिवत नाहीत, हुकूम देत नाहीत.

नजर बरीच गेलेल्या वृद्धांमध्ये दहातल्या किमान एकाला तरी हे होतं असं निरनिराळ्या पाहण्यांत आढळलंय. मग आपण ऐकत का नाही? कारण रुग्ण सांगत नाही आणि बहुतेक नेत्रतज्ज्ञ आपणहून विचारत नाहीत. दाब मोजला, थेंब लिहून दिले, पुढचा नंबर. काचबिंदू, मधुमेहामुळे खराब झालेला पडदा, उतारवयात झिजलेला पडद्याचा मधला भाग, यांपैकी काहीही ज्यांच्या घरात आहे त्यांनी स्वतःहून विचारावं, "नसलेलं काही दिसतं का? बऱ्याच जणांना दिसतं." हे दुसरं वाक्य जोडायला विसरू नका. त्या वाक्यानं तोंडं उघडतात. आणि जाता जाता एक: ज्यांचे कान गेलेत अशा काही आजी-आजोबांना कुठेच चालू नसलेलं भजन किंवा बँड ऐकू येतो. तेही याच कुळातलं आहे, त्यानंही घाबरू नये.

पण नसलेलं दिसण्याचा प्रत्येक प्रकार बॉनेंच्या खात्यावर टाकता येत नाही. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चूक महागात पडते.

दिसणं एकाएकी, एकदोन दिवसांत सुरू झालं, सोबत गुंगी, बडबड, दिवस-रात्रीचा घोळ असेल, तर ते डोळ्यांचं नाही. म्हाताऱ्या माणसात लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, साखर खाली जाणं, नवं औषध सुरू होणं किंवा रोजची दारू अचानक बंद होणं, यांतल्या कशानंही असा गोंधळ होतो. त्यात वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. तुमच्याकडे वर्षभर संथपणे चाललंय, म्हणून ही शक्यता मागे पडते. तरी औषधांची पिशवी मात्र सगळी घेऊन जा. त्यात डोळ्यांचे थेंबही. काचबिंदूच्या ब्रिमोनिडीन नावाच्या थेंबांनी अशी दृश्यं सुरू झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. कंपवातासाठी किंवा 'ताठरपणासाठी' देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळीही उतारवयात भास घडवू शकते. मात्र हे वाचून तुम्ही थेंब बंद करू नका! काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवरच टिकून असते. डॉक्टरांना दाखवा, बदलायचे तर ते बदलतील.

दृश्य फक्त एकाच बाजूला दिसत असेल, किंवा रंगीत गोळे काही सेकंद चमकून जात असतील, किंवा हात-पाय, जीभ, बोलणं यांत फरक पडला असेल, तर मेंदूतला झटका किंवा फिट यांचा विचार करावा लागतो. त्यासाठी मेंदूतज्ज्ञ हवेत आणि बहुधा स्कॅनही.

तिसरी शक्यता भावजींच्या मनात आहे त्याच्या जवळची. लुई बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असतो. त्यात सुरुवातीला विसराळूपणा फारसा नसतो, उलट माणसं आणि प्राणी स्पष्ट दिसतात. म्हणून तो आणि बॉने यांची गल्लत होते. फरक ओळखायला घरच्यांइतकं चांगलं कुणी नाही. सकाळी लख्ख आणि दुपारी हरवलेल्या, असं एकाच दिवसात वर-खाली होतं का? चाल आखडली, पावलं घासत पडतात का? झोपेत हात-पाय झाडणं, ओरडणं, स्वप्नात मारामारी, हे आहे का? कारण नसताना पडतात का? उठल्यावर भोवळ येते का? यांतल्या दोन-तीन गोष्टींना 'हो' आलं तर मेंदूतज्ज्ञांकडे जा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. हिशेबाला चोख असलेल्या बाईंना स्मृतिभ्रंश चिकटवण्याची भावजींना एवढी घाई का, ते मी लिहिणार नाही, तुम्हाला ठाऊक असेल.

एक बारीक गोष्ट. स्मरणशक्तीच्या चाचणीत घड्याळ काढा, आकृती उतरवा असे प्रश्न असतात. ज्यांना दिसतच नाही त्या बाई त्यात नापास होणारच. तपासणाऱ्याला आधीच सांगा की नजर जवळजवळ नाही, तोंडी प्रश्नांवरच तपासा.

आता चहातल्या गोळ्या. यजमानांचा हेतू वाईट नाही, लेकीच्या लग्नाची काळजी कुठल्या बापाला नसते? पण हे करू नका, एक दिवसही नाही. पहिलं कारण असं की बॉने सिंड्रोमला हमखास लागू पडणारी गोळीच नाही. बहुतेकांना 'हे वेड नाही' एवढं कळल्यावर निम्मं ओझं उतरतं आणि औषधाची गरज पडत नाही. फारच त्रास होत असेल तर तज्ज्ञ काही औषधं अजमावतात, पण ती त्यांच्या नजरेखाली. दुसरं कारण गंभीर आहे. भास थांबवायला म्हणून मिळणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्या उतारवयात अंग जड करतात, ताठरवतात, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. आणि मूळ आजार लुई बॉडी निघाला तर याच गोळ्या जिवावर बेतू शकतात. तिसरं, त्यांना कधीतरी चहा कडवट लागेल. त्या दिवसापासून त्या तुमच्या हातचं पाणीसुद्धा संशयानं पितील, आणि मग खरंच संशयाचा आजार झाला असं घरात म्हणाल.

गावभर होण्याच्या भीतीवर सोपा उतारा आहे. पहिली भेट काचबिंदूचे उपचार करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडेच घ्या. म्हातारी डोळे दाखवायला गेली, यात बोलण्यासारखं काय आहे? त्यांनी दाब, नस, पडदा पाहावा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही साचलाय का ते पाहावं. साचला असेल आणि शस्त्रक्रियेनं नजर थोडी जरी उजळली तरी दृश्यं कमी होऊ शकतात, कधी थांबतातही. पुढे तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडून रक्त-लघवी तपासून घ्या. मनोविकारतज्ज्ञांची गरज लागलीच तर लाजायचं कारण नाही, पण पहिला दरवाजा तो नाही. तुम्हाला स्वतःला मोकळं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. वर्षभराचं ओझं एका महिन्यात तुमच्याही खांद्यावर आलंय.

भावजींच्या सह्यांबद्दल. त्यांचा युक्तिवाद स्वतःच्याच पायात अडकतो. सासूबाईंची बुद्धी गेली असेल तर आज घेतलेली सही उद्या कोर्टात टिकणार नाही. गेली नसेल तर घाई कसली? आणि डोळे गेले म्हणून माणसाचा अधिकार जात नाही. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ५९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अंध व्यक्ती, आपण काय करतोय हे तिला समजत असेल तर, मृत्युपत्र करू शकते. ओसरीवर मुलं दिसणं आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागतंय हे समजणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कागद करायचेच असले तर तपासणी होऊ द्या, डॉक्टरांचा दाखला घ्या, कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि त्यांच्या मर्जीनं, त्यांच्या वेळेनं करा.

आत्याबाईंशी भांडू नका. त्यांच्या वयात आणि श्रद्धेत बसणारी एकच गोष्ट त्यांना विचारा: पितर असते तर ओळखीचे नसते का? सासूबाईंना दिसणाऱ्यांत एकही चेहरा ओळखीचा नाही. श्राद्ध-पक्ष राहिला असेल तर जरूर करा, घरात शांतता येत असेल तर कुठल्या डॉक्टरची हरकत? पण देवऋष्याच्या दारात दोन गोष्टी होतात आणि त्या दोन्ही घातक. एक, मिरचीची धुरी, लिंबाचा रस, मध किंवा अंगारा डोळ्यांत. शिल्लक राहिलेला एकुलता एक डोळा त्यात जाऊ शकतो. दोन, बाधा उतरवण्यासाठी मारझोड, उपास, थेंब-गोळ्या बंद. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधणं, छळणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आत्याबाईंना कायदा सांगू नका, डोळा सांगा. पण तुम्हाला माहीत असू द्या.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो: उत्तर काय द्यायचं? तुम्ही दोनच पर्याय धरलेत, 'आहेत' किंवा 'नाहीत'. 'नाहीत' म्हणालात की त्यांना ऐकू येतं 'तुम्ही खोटं बोलताय'. 'आहेत' म्हणालात की शहाण्या माणसाला लहान मुलासारखं वागवल्याचं त्यांना कळतं, आणि तेही टोचतं. तिसरं उत्तर खरं आहे आणि सोपंही. "आई, मला ती दिसत नाहीत. पण तुम्हाला दिसतात हे मला पटतंय. डोळे कमी झाले की मेंदू असं दाखवतो म्हणे, खूप जणांना होतं. आज काय दिसलं?" शेवटचा प्रश्न जेवणखाण विचारल्याच्या सुरात विचारा. काही जणांना ही दृश्यं चक्क आवडतात. सासूबाईंना लुगड्याचा काठ कुठला होता ते सांगायला आवडलं तर ऐका की! त्यांना भीती वाटत असेल तर मात्र तेही त्याच सुरात कळेल. आजाराचं नाव त्यांच्यापासून लपवू नका. घरात सगळ्यांना कळलं आणि ज्यांचा आजार त्यांनाच सांगितलं नाही, असं आपल्याकडे फार होतं.

असाच प्रसंग आलेल्या इतर वाचकांसाठी एक सूचना इथेच. तुमच्या घरातल्या माणसाला दृश्यं खरीच वाटत असतील, समजावून पटत नसेल, तर हे तिसरं उत्तर चालणार नाही. तिथे वाद न घालता भीतीला हात घाला: "मी आहे ना इथे, चला आत बसू." आणि तपासणी लवकर करा.

दृश्य सुरू झालं की काही साध्या युक्त्या काहींना लागू पडतात. त्यात नियम नाही, करून पाहायच्या. बसल्या जागी डोकं न हलवता फक्त डोळे उजवीकडे-डावीकडे, साधारण सेकंदाला एक याप्रमाणे पंधरा वेळा फिरवायचे, थोडं थांबून पुन्हा, असं चार-पाच वेळा. किंवा डोळे मिचकावायचे. किंवा खोलीतला उजेड बदलायचा, अंधार असेल तर दिवा लावायचा, दिवा असेल तर मालवायचा. किंवा बसल्याबसल्या दृश्याकडे हात करायचा. उठून त्याच्यामागे जायचं मात्र नाही. संध्याकाळी जास्त होतं याचं कारण उघड आहे, उजेड कमी आणि हाताला काम नाही. दिवेलागणीच्या आधीच ओसरीवर झगझगीत बल्ब लावा, आणि त्या वेळेला त्यांच्या हाती काही असू द्या. शेंगा सोलणं, लसूण निवडणं, जे त्या अजून स्पर्शानं करू शकतात ते. तुम्ही लिहिलं नाहीत, पण या प्रकारानंतर त्यांची कामं काढून घेतली असतील तर परत द्या. रिकामपण आणि एकटेपण यांत ही दृश्यं फोफावतात. अपुरी झोपही त्यात भर घालते.

धोका त्या मुलांपासून नाही, ओसरीच्या कडेपासून आहे. वाट देताना त्या बाजूला सरकल्या ती बाजू जोत्याची असती तर? कडेला ठळक रंगाचा पट्टा मारा, पायरीवरही मारा, धरायला कठडा करा, वाटेतली घागर-पाट उचला. हे याच आठवड्यात करता येईल.

नेत्रतज्ज्ञांना कमी दृष्टीच्या साधनांबद्दलही विचारा. भिंगं, बोलणारं घड्याळ, मोठ्या अंकांचा फोन यांनी माणूस पुन्हा स्वतःपुरता होतो. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून मुंबईत काम करते, तिच्या शाखांतून मार्गदर्शन मिळतं. दृष्टिदोषाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दृश्यं कधी थांबतील हे मात्र मी सांगू शकत नाही. काहींची काही महिन्यांत विरळ होतात, अनेकांची वर्षानुवर्षं येत-जात राहतात, फक्त त्यांचा धाक उरत नाही. भेटीला जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत टिपून ठेवा: काय दिसलं, कधी, किती वेळ, उजेड कसा होता, कशानं गेलं. डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग स्कॅनपेक्षाही जास्त होईल.

राहिला लग्नाचा आणि घराण्याचा प्रश्न. बॉने सिंड्रोम वारशानं उतरत नाही, तो कमी झालेल्या नजरेचा परिणाम आहे. मुलीच्या स्थळाला सांगण्यासारखं किंवा लपवण्यासारखं त्यात काही नाही. घराण्यात उतरतो तो काचबिंदू. आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर आपल्याला होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि नजर बरीच जाईपर्यंत तो कळत नाही, दुखत नाही. म्हणून सासूबाईंना घेऊन जाल त्याच दिवशी यजमानांचाही डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या, आणि भावजींना पुण्यात तपासायला सांगा. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका म्हणावं, "आईला काचबिंदू आहे" हे डॉक्टरांना सांगून तपासा.